मेंदूचे इंधन, आकडी आणि स्निग्ध आहार

(मावळ तालुक्यातील शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



आजचा विषय माझ्यापुढे ठेवण्यात आला तेव्हा मी प्रथम थोडा बिचकलो. मी वैद्य नव्हे, कलाशाखेचा पदवीधर आहे. माहिती गोळा करणे आणि ती सोप्या भाषेत लोकांपर्यंत पोहोचविणे एवढेच माझे काम. परंतु 'केटो' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आहाराविषयी भ्रमणध्वनीवरून इतका मजकूर फिरत असतो, आणि त्यात खऱ्याखोट्याची इतकी सरमिसळ असते, की ती निवडणे हे माहिती खात्याच्या माणसाचेच कर्तव्य ठरावे. लोणावळ्यास हवा पालटण्यासाठी येणारा पाहुणा पोळी बाजूस सारून पनीर आणि अंडी मागतो, ते वजन घटविण्यासाठी. त्याच्याशी आपणांस फारसे कर्तव्य नाही. आपणांस कर्तव्य आहे ते वर्गात अचानक आकडी येऊन कोसळणाऱ्या मुलाशी. कारण हा आहार मुळात त्याच्यासाठी निर्माण झाला.

आधी मेंदूविषयी थोडेसे. आपल्या शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के. पण विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा हा एकटा अवयव खर्च करतो. त्याचे नेहमीचे इंधन म्हणजे ग्लुकोज, अर्थात भात, भाकरी, गूळ यांपासून रक्तात उतरणारी शर्करा. मग माणूस अनेक दिवस उपाशी राहिला तर मेंदू चालतो कसा? १९६७ साली अमेरिकेत ओवेन, काहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच-सहा आठवडे देखरेखीखाली उपवास केलेल्या तीन स्थूल व्यक्तींचा अभ्यास केला. त्यातून असे दिसले की शर्करा संपत आली म्हणजे यकृत चरबीपासून 'केटोन' नावाची द्रव्ये तयार करते आणि मेंदू आपल्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग त्यांवर भागवू शकतो. निसर्गाने दुष्काळासाठी करून ठेवलेली ही तरतूद म्हणावयाची.

उपवासाने आकडी कमी होते, हा अनुभव मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे. १९११ साली पॅरिसमधील ग्वेल्पा आणि मारी या डॉक्टरांनी तो नोंदविला. पण मुलाला किती दिवस उपाशी ठेवणार? यावर १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तोड सुचविली: जेवण बंद करू नये, जेवणातील शर्करा व पिष्ट जवळजवळ काढून टाकावे आणि त्यांच्या जागी स्निग्ध पदार्थ द्यावेत, म्हणजे पोट भरलेले असूनही शरीर उपवासासारखे वागेल. हाच केटोजेनिक आहार. १९३८ साली फेनिटॉइन हे औषध आकडीवर गुणकारी असल्याचे सिद्ध झाले. गोळी देणे सोपे, तूप तोलणे कठीण. त्यामुळे हा आहार मागे पडला आणि १९९० नंतरच्या दशकात पुन्हा पुढे आला.

येथे एका योगायोगाचा उल्लेख करावासा वाटतो. याच काळात, १९२४ साली, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगाचे परिणाम केवळ श्रद्धेने न मानता उपकरणांनी मोजावेत, असा त्यांचा आग्रह होता. चरकसंहितेत अपस्मारावर औषधी घृते सांगितली आहेत, म्हणून केटो आहार आमच्याकडे पूर्वीच होता, असे सांगणारे लोक भेटतात. औषधी तुपाची ठरावीक मात्रा घेणे वेगळे आणि संपूर्ण जेवणातून अन्नधान्य काढून टाकणे वेगळे. मोजून पाहण्याची जी शिस्त कुवलयानंदांनी या मावळातच घालून दिली, ती येथेही लावली पाहिजे.

मोजणी झालेली आहेच. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील वैद्यांच्या पुढाकाराने औषधांना दाद न देणाऱ्या १४५ मुलांवर एक तुलनात्मक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्या गटातील ३८ टक्के मुलांच्या आकड्या निम्म्याहून अधिक कमी झाल्या. आहार न घेणाऱ्या गटात हे प्रमाण केवळ ६ टक्के होते. आपल्याकडे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी याच आहाराचा थोडा सैल प्रकार १०२ मुलांमध्ये तपासला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत हेच प्रमाण अनुक्रमे ५२ आणि ११.५ टक्के आढळले. मुंबईत डॉ. जनक नाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय मुलांना हा आहार देऊन आपला अनुभव २००९ साली 'इंडियन पेडिॲट्रिक्स'मध्ये मांडला. म्हणजे हे केवळ परदेशातील लोणी-मांसाच्या स्वयंपाकघरापुरते राहिलेले नाही.

तथापि हा उपचार कोणासाठी, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. आकडीच्या बहुसंख्य रुग्णांना साध्या, स्वस्त गोळ्या पुरतात. ज्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांना योग्य अशी दोन औषधे देऊनही आराम पडत नाही, त्यांच्या बाबतीत मज्जासंस्थेचे तज्ज्ञ या आहाराचा विचार करतात. ग्लुकोज मेंदूत वाहून नेण्याची यंत्रणाच जन्मतः सदोष असलेल्या एका दुर्मीळ विकारात मात्र हाच पहिला उपाय होय.

आता हा आहार मावळातील घरात कसा उतरेल ते पाहू. त्याच्या कडक प्रकारात प्रथिने व पिष्ट मिळून १ ग्रॅम असतील तर स्निग्धांश ४ ग्रॅम असावा लागतो. म्हणजे ऊर्जेचा सुमारे ९० टक्के भाग तूप, तेल, साय, खोबरे यांतून येतो. सैल प्रकारातही मुलाला आरंभी दिवसाला सुमारे १० ग्रॅमच पिष्ट चालते. आपला तालुका भाताचा. वडगावच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून काढलेला आणि १९८७ साली प्रसारित झालेला इंद्रायणी भात आज महाराष्ट्रभर पोहोचला आहे. त्याच इंद्रायणीच्या एका वाटीभर शिजलेल्या भातात सुमारे ४० ग्रॅम पिष्ट असते. दिवसभराचा सारा हिशेब पाव वाटीत संपतो! लोणावळ्याच्या चिक्कीतील शेंगदाणा मोजून चालेल, गूळ चालणार नाही. एकादशीचा उपासही येथे कामाचा नाही. साबुदाणा आणि बटाटा म्हणजे निव्वळ पिष्ट. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण रसायनशास्त्रालाही मान्य व्हावी अशी आहे.

ज्या घरात सगळ्यांसाठी एकच भाताचे पातेले चढते, तेथे एका लेकरासाठी वेगळे ताट, वेगळा तराजू आणि रोज तूप-पनीर-अंड्यांचा खर्च, हा भार बहुतांशी आईवर पडतो. आजी मायेने हातावर साखर ठेवते, शेजारचे पोर बिस्किट देते आणि आठवड्याची मेहनत वाया जाते. खोकल्याच्या गोड औषधातील साखरेनेसुद्धा फरक पडतो. म्हणून अशा मुलाला शक्यतो गोळीच्या रूपात औषध देतात. शाळेत पोषण आहाराची खिचडी वाढताना, वाढदिवसाच्या गोळ्या वाटताना गुरुजींना आणि बाईंना हे ठाऊक असले तरच आहार टिकेल. त्या मुलाला पंगतीतून उठवू नका. घरून आलेला डबा त्याला सर्वांबरोबर बसून खाऊ द्या.

धोके लपविण्यात अर्थ नाही. बद्धकोष्ठ, मूतखडा, रक्तातील चरबी वाढणे, उंची-वजनाची वाढ मंदावणे, जीवनसत्त्वांची उणीव हे त्रास होऊ शकतात. चरबीचे पचन करणारी द्रव्येच ज्यांच्या शरीरात जन्मतः कमी असतात अशा मुलांचा तर यामुळे जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी रक्ततपासणी, मग आहारतज्ज्ञाने आखून दिलेले ताट, आणि नंतर ठरावीक मुदतीने तपासणी. गुण आल्यास साधारणपणे दोन वर्षांनी आहार हळूहळू सोडवितात. सर्वांत घातक म्हणजे कोणाचे तरी ऐकून चालू गोळ्या एकाएकी बंद करणे. त्यामुळे आकडीमागून आकडी येत राहून मूल दगावण्याची भीती असते.

मोठ्या माणसांविषयी थोडक्यात सांगतो. स्मृतिभ्रंशात मेंदूची ग्लुकोज वापरण्याची शक्ती घटते, म्हणून केटोनचा उपयोग होईल काय, असे संशोधन चालू आहे; काही मानसिक आजारांबाबतही प्राथमिक अभ्यास झाले आहेत. परंतु हे प्रयोग लहान आहेत, आणि या आहाराने विसरभोळेपण बरे होते असे सांगणाऱ्याच्या हाती आज पुरावा नाही. मधुमेहाच्या रुग्णांनी, विशेषतः इन्शुलिन घेणाऱ्यांनी, किंवा लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा मार्ग धरू नये. रक्त आम्लयुक्त होऊन प्राणावर बेतू शकते.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांना वाटेल, यात आमचे काय काम? काम आहे, आणि ते आहारापूर्वीचे आहे. आपल्या देशात आकडीचे एक मोठे कारण म्हणजे डुकरांतील पट्टकृमीची अंडी. मानवी विष्ठेतून ती पाण्यात व भाजीपाल्यावर येतात, पोटात जातात आणि कृमीच्या अळ्या मेंदूत घर करतात. शाकाहारी माणूसही यातून सुटत नाही. शौचालयांचा वापर, शुद्ध पाणी आणि भाजी धुऊन घेण्याची सवय यांनी जितक्या आकड्या टळतील तितक्या कोणत्याही तुपाने टळणार नाहीत.

आकडी आली असता कांदा, चप्पल, किल्ल्या हुंगविण्याचा प्रकार अजून दिसतो. तोंडात चमचाही घालू नये. मुलाला कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांहून अधिक वेळ झाला तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे भुताटकीचे लक्षण नव्हे, आणि संसर्गजन्यही नव्हे. १९९९ सालच्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातूनही अपस्माराची अट काढून टाकण्यात आली आहे; मुलींच्या आईबापांना हे आवर्जून सांगावे, कारण लग्नाच्या धास्तीने मुलीचा आजार लपविला जातो आणि उपचार राहून जातो.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत येतात; त्यांच्या तपासणीच्या यादीत आकडीचा समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी अशी मुले घरी राहणार नाहीत, एवढे शिक्षकांनी पाहावे. आणि आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ येथील दूरच्या वाड्यांसाठी एक सूचना: पावसाळ्यात ओढे भरून रस्ता तुटण्याआधी त्या मुलांच्या घरी किमान महिनाभराच्या गोळ्या आहेत की नाहीत, हे आशाताईंना बरोबर घेऊन मे महिन्याच्या अखेरीस पाहून घ्यावे.