शेवटचे चार कोस



काही वर्षांपूर्वी लातूरहून नांदेडला येताना अहमदपूरपुढे आम्ही चहाला थांबलो. शेजारी विहीर फोडणाऱ्यांचा ट्रॅक्टर उभा. मागच्या कंप्रेसरवर चार मजूर. एकाच्या मांडीखाली पिशवी. पिशवीत जिलेटिनच्या कांड्या आणि त्यांतच टोप्या! विचारले, तर म्हणतो, "काय करावं काका, दुसऱ्या खेपेचं डिझेल कोण देतंय?"

नुसती कांडी सहसा दगा देत नाही. टोपी मात्र ठोक्याने, उष्णतेने उडते. विजेची असेल तर बॅटरीच्या तारेनेही. मग शेजारच्या कांड्या उरतात कशाला? २१ जानेवारी २०२१ रोजी शिवमोग्याजवळ हुणसोडू येथे खाणीकडे निघालेली स्फोटकांची मालमोटार उडाली; माणसे गेली.

२००८ चे स्फोटके नियम आहेत, नागपूरला त्यांचे मोठे कार्यालय आहे. परवाना दुकानाला, परवाना मोटारीला. आमच्या काळ्या पाषाणातल्या विहिरीपर्यंतचे शेवटचे चार कोस मात्र मजुराच्या मांडीखालून! म्हणून आमचे मागणे एवढेच, की टोप्यांच्या वेगळ्या, परवान्याच्या गाडीचे भाडे विहिरीच्या ठरावातच लिहावे.

त्या दिवशी आम्ही ठेकेदाराशी भांडलो. टोप्यांसाठी वेगळी गाडी आली, पण त्या मजुराची अर्धी हजेरी कापली गेली. ती वसूल करायला आम्हांला महिना लागला.