खांबावरचं शिक्षण

(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



संयोजकांनी मला सॉफ्टवेअरवर बोलायला सांगितलं होतं. पण मला बोलायचंय ते आपल्या वर्गातून आयटीआयला गेलेल्यांबद्दल. दहावीनंतर सायन्सला गेलेल्यांचे पेढे वाटले गेले. 'पोरगं आयटीआयला टाकलं' हे मात्र घरात हळू आवाजात सांगितलं जायचं. आजही आपण आपल्या मुलांच्या बाबतीत तेच करतो.

आपल्या भागात वीज म्हणजे आधी श्रीरामपूरची 'मुळा-प्रवरा'. २०११ मध्ये तो कारभार महावितरणकडे गेला. बिलावरचं नाव बदललं. वादळात तार तुटली की कुणीतरी खांबावर चढायचं, हे काही बदललं नाही.

गावात आपण सरसकट ज्यांना वायरमन म्हणतो, त्यांचा तारतंत्री किंवा वीजतंत्रीचा कोर्स दोन वर्षांचा असतो. मग शिकाऊ उमेदवारी. आपल्याला वाटतं, ते तार जोडायला शिकतात. आपल्याच वर्गातल्या लाईनमन मित्राने मला समजावलं, की तार जोडणं त्यातलं सोपं. अवघड आहे ते, खात्री होईपर्यंत हात न लावणं.

आधी उपकेंद्राकडून परमिट घ्यायचं. पुरवठा बंद करून तिथे 'काम चालू आहे' अशी पाटी लावायची. मग तार खरंच मेली आहे का, हे तपासायचं. त्यानंतर कामाच्या दोन्ही बाजूंना तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडायच्या, म्हणजे अर्थिंग करायचं. लाईन बंद केल्यावर हे कशाला? कारण एखाद्या घरी किंवा दुकानात चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर सुरू केला, तर वीज उलटी डीपीतून वर चढते आणि ११ हजार व्होल्टच्या तारेत येऊ शकते. काम संपलं की माणसं खाली, अर्थिंग काढलेलं, आणि ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं. मगच लाईट.

माझ्या कामात काही बिघडलं तर आधीची आवृत्ती परत आणता येते. खांबावर ती सोय नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. खांब शेकड्यांनी आडवे झाले. कोरोनाचे दिवस होते, आपण घरात होतो. तेव्हा इतर जिल्ह्यांतले वीज कर्मचारी तिकडे कामाला गेले. आपत्तीत अग्निशमन दल, रुग्णवाहिका आपल्याला आठवतात. त्यांच्या रांगेत आपण लाईनमनला धरत नाही.

आणि आपण त्याला काय विचारतो? "लाईट कधी येणार?" दर पाच मिनिटांनी फोन. त्या घाईत एक पायरी सुटली, तर किंमत तो मोजतो. रात्री पाण्याची पाळी असते म्हणून आपले शेतकरी बांधवही डीपीवरचा फ्यूज स्वतःच टाकायला जातात. त्यांची अडचण मला कळते, मी शेतकऱ्याचीच मुलगी आहे. पण ज्या कामासाठी दोन वर्षं शिकावं लागतं, ते अंधारात ओल्या पायांनी करू नये. १९१२ वर फोन करावा, आणि थांबावं.

विजेचा धक्का बसलेल्याजवळ सर्वांत आधी पोहोचतो तो शेजारी किंवा सोबतचा कामगार. १०८ ची गाडी येईपर्यंतची मिनिटं त्याच्या हातात असतात. आधी पुरवठा बंद, मगच माणसाला हात. शुद्ध नसेल, श्वास नसेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाब द्यायचा. हे ऐकून येत नाही, सराव लागतो.

म्हणून एक विनंती. बॅचच्या निधीतून शाळेला बाक आणि पंखे द्यायचं ठरतंय, ते देऊच. त्यासोबत नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी दरवर्षी पावसाळ्याआधी एक दिवस ठेवूया. छातीवर दाब देण्याचा सराव डॉक्टर झालेल्या मैत्रिणींनी घ्यावा आणि वीज सुरक्षा आपल्या लाईनमन मित्रांनी शिकवावी. त्या दिवशी त्यांना शाळेत 'सर' म्हणून बोलवावं. मुलं ते पाहतील, तर आयटीआयचा फॉर्म भरताना कुणाचा आवाज हळू होणार नाही.