सरांचा मेसेज कुणाच्या मोबाईलवर येतो?



आमच्या गटातल्या एका ताईंची लेक बी.ए.ला आहे. गेल्या वर्षी तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज दुरुस्तीसाठी परत आला. सरांनी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसं कळवलं. पण ग्रुपमध्ये नंबर भावाचा, अन् भाऊ सोयाबीनच्या सोंगणीला. लेकीला कळलं तेव्हा मुदत संपली होती. सर म्हणाले, "मी कळवलं होतं." लेक म्हणाली, "माझ्यापर्यंत आलंच नाही." दोघंही खरंच बोलत होते.

पूर्वी सूचना फलकावर लागायची, वर्गात वाचली जायची. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे कॉलेजं बंद झाली आणि शिकवणं मोबाईलवर आलं. कॉलेजं उघडली, पण ग्रुप राहिले. त्याचा फायदाही आहे. वर्गात उठून विचारायला लाजणारी मुलगी मॅडमला लिहून विचारते. एसटी चुकली तरी त्या दिवसाच्या नोट्स मिळतात. पण मोबाईल तिच्या हातात असेल तरच ना!

म्हणून आज घरी गेल्यावर लेकीला विचारा, "कॉलेजात नंबर कुणाचा दिलाय?" महाडीबीटीच्या अर्जाला आणि आधारला कोणता नंबर जोडलाय, तेही बघा. ओटीपी त्याच नंबरवर येतो. तिला वेगळा मोबाईल घेणं जमत नसेल, तर घरातला मोबाईल रोज संध्याकाळी अर्धा तास तिच्या हाती द्या. गावातल्या दोन-तीन मुलींनी एकमेकींना निरोप द्यायचा, असंही ठरवता येतं. काही ग्रुपवर फक्त सरच लिहू शकतात. तिथं अडलं तर कॉलेजात जाऊन विचारायला तिला सांगा.

आणखी एक. कुणी शिक्षक रात्री-बेरात्री नको ते मेसेज पाठवत असेल, तर मुलगी घरी सांगायला भिते. मोबाईल काढून घेतील, कॉलेज बंद करतील, हीच ती भीती. तिला आधी सांगून ठेवा, "तुझं शिक्षण थांबणार नाही." मेसेज पुसू नका. 2013 च्या कायद्याप्रमाणे कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते आणि तिची अध्यक्ष बाईच असते. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या.

मोबाईल काढून घेतला, तर चूक करणारा मोकळा राहतो अन् शिक्षण लेकीचं थांबतं. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की हाही विषय काढा.