भीतीची भीती आणि घाईघाईतलं ‘हो’

कासारवाडीतून बोलतोय. मध्येच लोकलचा हॉर्न ऐकू आला तर चालवून घ्या.

आजचा विषय सोशल अँग्झायटी. आपल्याकडे ‘जरा बुजरा आहे’ म्हणून हे सोडून देतात. पण माझ्या ओळखीतला एक मुलगा अजिबात बुजरा वाटत नाही. चाकणच्या क्लायंटसोबत कॉल सुरू होता. त्यांनी तारीख विचारली, हा पटकन म्हणाला, “हो, शुक्रवारपर्यंत देतो,” आणि कॉलवरून गेला. काम तीन आठवड्यांचं! सगळे म्हणाले, उतावळा आहे. टपरीवर चहा घेताना तो म्हणाला, “आवाज कापायला लागला होता रे. त्यांना कळायच्या आत सुटायचं होतं.”

हे जे ‘त्यांना कळेल’ आहे ना, त्याला अँग्झायटी सेन्सिटिव्हिटी म्हणतात. म्हणजे भीतीच्या लक्षणांचीच भीती. स्टीव्हन राइस आणि रिचर्ड मॅकनॅली यांनी १९८५मध्ये ही कल्पना मांडली. ती मोजायच्या २००७च्या प्रश्नावलीत १८ विधानं आहेत, तीन भागांत: शरीराला काहीतरी होईल, डोक्यावरचा ताबा सुटेल आणि लोकांना दिसेल. सोशल अँग्झायटीशी सगळ्यात जवळचं नातं या तिसऱ्याचं.

आता उतावळेपणा. टॉड कॅशडन आणि स्टीफन हॉफमन यांना २००८मध्ये सोशल अँग्झायटीच्या रुग्णांतच एक वेगळा गट दिसला, नवं काही शोधणारा, मागचापुढचा विचार न करता उडी घेणारा. असे लोक सहज नजरेतून सुटतात, कारण आपण गप्प बसलेला माणूस शोधत असतो.

माझं मत असं, की धडधड असह्य झाली की ती थांबवायला जे हाताला लागेल ते माणूस करतो. ‘हो’ म्हणतो, भांडतो, मेसेज पाठवून मोकळा होतो. लगेच बरं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा तेच. अशा मुलाला ‘बिनधास्त बोल’ सांगून काय उपयोग? बोलतोच की तो! त्याला जड जातं ते आवाज कापत असताना तिथंच बसून राहणं.

थेरपीत याचा सराव असतो. मुद्दाम जिना भरभर चढायचा, धडधड वाढू द्यायची आणि ती आपोआप उतरताना बघायची. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, प्लीज. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं.

परवा त्याच क्लायंटनं पुन्हा तारीख विचारली. हा म्हणाला, “उद्या सांगतो.” आवाज कापलाच. समोरच्यानं म्हटलं, “ओके,” आणि पुढची स्लाइड लावली.