कुटुंबाचा डॉक्टर : चैन नव्हे, हक्क
(शनिशिंगणापूर येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेले भाषण)



शिंगणापूरच्या घरांना दारे नसतात. चोर येणार नाही, या श्रद्धेवर गाव निर्धास्त झोपते. परंतु रक्तदाब आणि मधुमेह श्रद्धेला जुमानत नाहीत. वर्षानुवर्षे दुखतखुपत काही नाही. आणि एके दिवशी अर्धांगवायूचा झटका येतो, किंवा मूत्रपिंडे निकामी होतात. रोजच्या गोळीचा खर्च थोडा असतो; ती न मिळाल्याने ओढवणारा इस्पितळाचा खर्च मात्र शेत गहाण टाकायला लावतो.

ज्याला काही होतच नाही, तो मजुरी बुडवून तपासणीला येणार कशाला? तो खोकल्यासाठी आला असता त्याचा रक्तदाब मोजणारा, त्याच्या बापाचा मधुमेह ठाऊक असलेला डॉक्टर हवा. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या सरकारने १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली, आणि कामगाराच्या बायकामुलांचेही नाव अशा डॉक्टरच्या यादीत आले. वेल्समधील ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावी डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी त्या यादीच्या आधारे प्रौढांचा रक्तदाब पद्धतशीरपणे तपासला. ज्यांना उपचारांची गरज अधिक, त्यांनाच ते कमी मिळतात, आणि बाजाराची सत्ता जेवढी मोठी तेवढा हा अन्याय मोठा, हे त्यांनीच १९७१ साली मांडले.

हे केवळ श्रीमंत देशांना साधते असे नाही. याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावोगावच्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतील अनेकींना अक्षरओळखही नव्हती. ओळखीचे, विश्वासाचे माणूस गावातच असले, तर डॉक्टरचा हात घरापर्यंत पोचतो, हे त्या कामाने सिद्ध केले.

भोर समितीने १९४६ साली प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. आज सपाट प्रदेशात तीस हजार वस्तीमागे एक केंद्र, असा दंडक आहे. परंतु डॉक्टरची बदली झाली की रोग्याची ओळख पुसली जाते. केवळ इमारतीने ही उणीव भरून निघत नाही. प्रत्येक कुटुंबाची कायम नोंद, ठरलेला डॉक्टर, आणि महिनाभराची औषधे विनामूल्य, ही आपली मागणी असली पाहिजे.

त्यासाठी कार्यकर्त्यांनी प्रथम आपल्याच गावात विचारावे : तिशी ओलांडलेल्या किती जणांचा रक्तदाब गेल्या वर्षात मोजला गेला? केंद्रातल्या गोळ्या महिनाअखेरपर्यंत पुरतात काय? ही उत्तरे हाती घेऊन ग्रामसभेत उभे राहावे. लढा तेथूनच सुरू होतो.