नवा स्टुडिओ उघडताना



व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्याला मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली पोरं आठवतात. पण हा आता आपल्या मुलींच्या नोकरीचाही प्रश्न आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून पुण्यात आहे. २०१८ मध्ये तिने मुंबईतही स्टुडिओ उघडला. नवा स्टुडिओ म्हणजे चित्रं काढणारे, प्रोग्रॅम लिहिणारे, गेम खेळून त्यातल्या चुका शोधणारे यांची भरती. तिथे मुलींनी जायलाच हवं. पण कोणत्या अटींवर?

याच कंपनीच्या फ्रान्समधल्या कर्मचारी, विशेषतः बायका, २०२० मध्ये छळाविरुद्ध उघड बोलू लागल्या. जुलै २०२५ मध्ये पॅरिसजवळच्या न्यायालयाने तीन माजी वरिष्ठांना दोषी ठरवलं. अमेरिकेत रायट गेम्सने २०२१ मध्ये स्त्रियांशी भेदभाव केल्याच्या दाव्यात दहा कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. म्हणजे हा एखाद्याच वाईट माणसाचा प्रश्न नव्हे. 'आपण सगळे मित्रच' म्हणत जिथे गंमतीच्या नावाखाली काहीही खपतं, तिथे नकार देणारी बाई तुसडी ठरते.

आपल्याकडे कायदा आहे, आणि तो फुकट मिळालेला नाही. राजस्थानात १९९२ मध्ये भंवरीदेवींवर बलात्कार झाला. त्यानंतरच्या लढ्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे २०१३ चा कायदा. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरची.

संगणकाचं काम करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी अशी बाहेरची सदस्य आहे. समितीची नावं तिथे चहाच्या खोलीत, दाराच्या मागे लावली होती! दार उघडं असलं की कागद दिसायचाच नाही. तक्रार घेऊन आलेली मुलगी म्हणाली, "ताई, समिती आहे हेच मला चार महिन्यांनी कळलं." तक्रारीची मुदत तीन महिन्यांची. कारण लेखी नोंदवून मुदत वाढवण्याचा अधिकार समितीला आहे, तो वापरून आम्ही तिची तक्रार घेतली. अधिकार माहीत नसता तर?

म्हणून नवा स्टुडिओ उघडला की पहिल्याच दिवशी विचारू या : समितीत कोण आहे? नावं कुठे लावलीत? रात्री थांबवलं तर घरी पोचवणार कोण? भरती करणाऱ्यांत बाई आहे का? मुलाखतीला निघालेल्या प्रत्येक मुलीच्या हाती हे प्रश्न देऊ या. तक्रारीची वेळ येण्याआधी.