उसना श्वास

साकीनाक्याच्या गल्ल्यांतून जाणाऱ्या माणसाच्या कानांवर एक आवाज सारखा पडत असतो. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या दोन्ही बाजूंस लहानमोठे कारखाने आहेत. कोठें पत्रा कापला जातो, कोठें रंग फवारला जातो, कोठें मोटारीच्या चाकांत हवा भरली जाते, आणि ह्या साऱ्या उद्योगांच्या मागें कोपऱ्यांत बसलेला कॉम्प्रेसर धडधडत असतो. बाहेरची हवा आंत ओढावयाची, ती दाबून टाकींत कोंडावयाची आणि हवी तेव्हां सोडावयाची, एवढेंच त्याचें काम. ह्या यंत्राचा एक अधिक बलवान आणि अधिक सोंवळा भाऊबंद कोंकणच्या किनाऱ्यावर माणसाला समुद्राच्या तळाशीं नेतो, असें सांगितलें तर त्या गल्लींतील कारागिरासहि क्षणभर नवल वाटेल. हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखालीं संचार करण्याच्या ह्या विद्येस सर्वत्र स्कूबा डायव्हिंग म्हणतात. ती विद्या आणि तिच्या योगानें दृष्टीस पडणारें पोवळ्यांचें जग, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पूर्वीं समुद्रांत उतरणाऱ्यांस मुख्यतः दोन मार्ग होते. मोत्यांचे शिंपले काढणारे लोक छाती भरून श्वास घेत, दगडाच्या भारानें तळ गांठीत आणि मिनिट-दोन मिनिटांत वर येत. बंदरांतून काम करणारे पाणबुडे धातूचें शिरस्त्राण घालून उतरत; त्यांस हवा मिळे ती वरच्या होडींतून, लांब नळीवाटे. पहिल्यांस वेळ नव्हता, दुसऱ्यांस मोकळीक नव्हती. ही अडचण १९४३ सालीं फ्रान्समध्यें दूर झाली. महायुद्धामुळें तेथें पेट्रोलची टंचाई होती आणि मोटारी गॅसवर चालविण्याची खटपट चालू होती. इंजिनास जेव्हां जितका गॅस हवा तेव्हां तितकाच सोडणारी एक झडप एमिल गान्यां नांवाच्या इंजिनिअरानें सिद्ध केली होती. आरमारांतील अधिकारी झाक-ईव्ह कूस्तो ह्यानें त्याची गांठ घेतली. इंजिनाच्या जागीं माणसाचें फुप्फुस आणि गॅसच्या जागीं कोंडलेली हवा योजून दोघांनीं तीच झडप सुधारली. पाणबुड्या श्वास आंत घेईल तेव्हांच हवा येते, भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानें येते, आणि नि:श्वास बुडबुड्यांच्या रूपानें वर निघून जातो. मोटारीच्या दुरुस्तींतून निघालेल्या ह्या युक्तीनें माणसास समुद्रांत माशाप्रमाणें मोकळें केलें.

परंतु ही मोकळीक मोजून मिळते. समुद्राच्या पृष्ठावर माणसाच्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्याखालीं दर १० मीटर खोलीस तितकाच दाब वाढत जातो. १० मीटरवर तो दुप्पट होतो, २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट. दाब दुप्पट केला कीं हवेचें आकारमान निम्में होतें, हा रॉबर्ट बॉइलचा १६६२ सालचा नियम शाळेंत प्रत्येकानें पाठ केलेला असतो. परीक्षा संपतांच विसरलेला हा नियम पाण्याखालीं जीवनमरणाचा होतो. १२ लिटरची टाकी वातावरणाच्या २०० पट दाबानें भरली तर तींत २४०० लिटर हवा मावते. त्यांतील चतुर्थांश सुखरूप वर येण्यासाठीं राखून ठेवावयाची, उरली १८००. शांत चित्तानें पोहणाऱ्या माणसास मिनिटास सुमारें २० लिटर हवा लागते असें धरलें तर जमिनीवर ती दीड तास पुरेल. पण २० मीटर खोलीवर प्रत्येक श्वासांत तिप्पट हवा खर्च होते; तेथें तीच टाकी अर्ध्या तासांत संपते. जो घाबरतो व धापा टाकतो त्याचा अर्धा तास पाव तासावर येतो. तेथें धीर हा नुसता गुण नव्हे; तें शिल्लक राहिलेल्या हवेचें दुसरें नांव आहे.

ही हवा भरणारा कॉम्प्रेसर सोंवळा असावा लागतो तो ह्याचसाठीं. कारखान्यांतील हवेंत थोडी तेलाची वाफ मिसळली तरी पत्र्याचें फारसें बिघडत नाहीं. पाणबुड्याची हवा मात्र गाळण्यांतून काढून तेल व ओल ह्यांपासून मुक्त करावी लागते, आणि यंत्राचें नाक इंजिनाच्या धुरापासून दूर ठेवावें लागतें. जमिनीवर जेवढ्या धुरानें नुसतें डोकें दुखेल तेवढाच धूर खोल पाण्यांत, वाढलेल्या दाबाखालीं, प्राणघातक ठरूं शकतो.

ह्या विद्येचा पहिला नियम असा कीं श्वास कधींहि रोखूं नये. पूरक, कुंभक आणि रेचक हीं प्राणायामाचीं तीन अंगें ज्या घरांतून परिचित आहेत तेथें हा नियम सहज समजेल: पाण्याखालीं पूरक आणि रेचक आहेत, कुंभक वर्ज्य आहे. १० मीटरवर भरलेला फुगा पृष्ठावर आणला तर दुप्पट होतो. त्या खोलीवर छाती भरून घेऊन कोणी श्वास कोंडला आणि तो झपाट्यानें वर आला, तर त्याच्या फुप्फुसाचीहि तीच गत होते. फरक इतकाच कीं फुप्फुसास फुग्याइतकें ताणतां येत नाहीं. म्हणून पाणबुड्यानें सारखा श्वासोच्छ्वास चालू ठेवावयाचा आणि मिनिटास सुमारें ९ मीटरांहून अधिक वेगानें वर यावयाचें नाहीं.

दुसरा नियम नायट्रोजनचा. दाबाखालीं हा वायु रक्तांत आणि मांसांत विरघळत जातो. सोड्याच्या बाटलींतील गोळी दाबली कीं फसफसून बुडबुडे निघतात. एकाएकीं वर येणाऱ्या माणसाच्या शरीरांत तसाच प्रकार होतो. सांध्यांस असह्य वेदना होतात, क्वचित् अंग लुळें पडतें. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया घालतांना १८७० नंतरच्या दशकांत दाबलेल्या हवेंत काम करणाऱ्या मजुरांस ह्या व्याधीनें गांठलें होतें. टप्प्याटप्प्यानें वर आल्यास ती टळते, हें जे. एस. हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं १९०८ सालीं कोष्टकें तयार करून दाखविलें. त्याच विचारानें आजहि पाणबुड्ये वर येतांना ५ मीटरवर तीन मिनिटें थांबतात आणि बाहेर आल्यावर विमानांत बसण्यापूर्वीं निदान १२ तास, अनेक बुड्या मारल्या असल्यास १८ तास, जाऊं देतात.

महाराष्ट्रांत ही विद्या रुजली ती मालवणास. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला ज्या खडकाळ समुद्रांत उभा आहे, त्याच्याच आसपास प्रवाळ आहेत. १९८७ सालीं सरकारनें येथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केलें. जवळच तारकर्लीस पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकविणारी संस्था आहे. पावसाळा सोडला तर मुंबईपुण्याचीं कुटुंबें येथें येतात, आणि पोहतां न येणारा माणूसहि शिक्षकाचा हात धरून कांहीं मीटर खोल जाऊन येतो.

असा एखादा नवशिका प्रथम उतरतो तेव्हां त्याचे कान दडपतात. नाक चिमटींत धरून हलकेच फुंकर घातली कीं ते मोकळे होतात. मग जाणवते ती रंगांची चोरी. पाणी प्रकाशांतील लाल रंग सर्वांत आधीं शोषून घेतें, पाठोपाठ नारिंगी व पिवळा. थोड्या खोलीवर लाल वस्त्र काळपट दिसूं लागतें. वस्तु आहेत त्याहून मोठ्या आणि जवळ भासतात. आवाज पाण्यांत हवेच्या चौपटीहून अधिक वेगानें धांवतो, म्हणून होडीचें इंजिन ऐकूं येतें, पण तें कोणत्या बाजूस आहे हें समजत नाहीं. अशा परक्या ठिकाणीं त्याला सोबत असते ती स्वतःच्या श्वासाची. तो स्थिर झाला म्हणजे खडकावरच्या त्या निश्चल झुडपांकडे त्याचें लक्ष जातें आणि रंगीत मासे त्यांत लपतांना दिसतात.

तीं झुडपें नव्हेत. घरोघरीं मंगळासाठीं अंगठींत घालतात तें लाल पोवळें मुख्यतः भूमध्य समुद्रांतून येई; तो ह्या कुळाचा एक दूरचा आप्त. उष्ण समुद्रांत भिंती उभारणारे प्रवाळ निराळे. प्रवाळ हा एक इवलासा प्राणी आहे. असे असंख्य जीव एकमेकांस चिकटून राहतात आणि पाण्यांतील चुना घेऊन आपल्याभोंवतीं दगडी घर बांधतात. त्यांच्या अंगांत सूक्ष्म शैवालें वस्तीस असतात. शैवालें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून आपल्या यजमानास देतात, यजमान त्यांस आसरा देतो. प्रवाळास रंग येतो तो बहुतांशीं ह्या भाडेकऱ्यांमुळें. गोलाकार जातीचे प्रवाळ वर्षास सुमारें एक सेंटिमीटर वाढतात. नवशिक्याच्या पायाचा एक फटकारा किंवा होडीचा एक नांगर अनेक वर्षांचें बांधकाम क्षणांत मोडतो, तें ह्यामुळें. प्रवाळभिंतींनीं जगांतील सागरतळाचा एक टक्काहि व्यापलेला नाहीं, तरी समुद्रांतील ज्ञात जातींपैकीं सुमारें चतुर्थांश जाती त्यांच्या आश्रयानें राहतात.

मालवणच्या प्रवाळांहून कितीतरी विस्तृत असें एक प्रवाळक्षेत्र महाराष्ट्रासमोर आहे, आणि महाराष्ट्रांतील फार थोड्यांस त्याची माहिती आहे. विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारें १०५ किलोमीटर गेलें कीं भर समुद्रांत पाण्याखालीं एक पठार लागतें. तें सुमारें ४० किलोमीटर लांब असून त्याचा माथा लाटांपासून २० मीटर खोल आहे. वरून पाहणाऱ्यास तेथें निळ्या पाण्यावांचून कांहीं दिसत नाहीं. नकाशावर त्याचें नांव आंग्रिया बँक. १७२९ सालीं निवर्तलेले सरखेल कान्होजी आंग्रे ह्यांची आठवण त्यांत राहिली आहे. किनाऱ्याचा गाळ इतक्या दूर गढूळपणा करीत नाहीं, म्हणून तेथील पाणी स्वच्छ असतें आणि प्रकाश तळापर्यंत पोहोंचतो. २०१९ सालच्या डिसेंबरांत शास्त्रज्ञांनीं पाण्याखालीं उतरून त्याची पाहणी केली. त्या खोलीचा हिशेब वर आलाच आहे: एका टाकींत अर्धा तास. एवढें विस्तीर्ण जग पाहावयाचें तें अर्ध्याअर्ध्या तासाच्या तुकड्यांनीं.

येथें पाणबुड्या आणि प्रवाळ ह्यांच्यांतील एक साम्य ध्यानांत घेण्याजोगें आहे. दोघेहि अरुंद मर्यादेंत जगतात. पाणबुड्याची मर्यादा हवेची, तर प्रवाळाची उष्णतेची. उन्हाळ्यांतील नेहमींच्या कमाल तपमानाहून समुद्र एखाददुसरा अंश अधिक तापला आणि कांहीं आठवडे तसाच राहिला, तर प्रवाळ व शैवालें ह्यांचा संसार मोडतो. शैवालें बाहेर टाकलीं जातात, प्रवाळ पांढरे पडतात, आणि उष्णता लवकर न ओसरल्यास उपासमारीनें मरतात. लक्षद्वीपच्या बेटांनीं हा प्रसंग १९९८, २०१० आणि २०१६ ह्या सालीं पाहिला. २०२४ सालीं पुन्हां पाहिला. ह्या तारखांमधील अंतर लक्षांत घ्यावें. सेंटिमीटरानें वाढणाऱ्या जीवास दोन संकटांमध्यें उसंत लागते, आणि तीच आतां तुटपुंजी होत चालली आहे. पाणबुड्याची हवा संपत आली कीं तो वर येतो. प्रवाळास उठून जातां येत नाहीं.

कायद्यानें प्रवाळांस कांहीं आधार दिला आहे. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत भिंती उभारणारे प्रवाळ २००१ सालीं घातले गेले. ते तोडणें वा विकणें हा गुन्हा आहे. परंतु किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांवर देशाच्या प्रादेशिक समुद्राची हद्द संपते. मालवणचें अभयारण्य हद्दीच्या आंत आहे. आंग्रिया बँक पुष्कळच बाहेर, भारताच्या विशेष आर्थिक क्षेत्रांत येते. तेथें संरक्षणाची व्यवस्था करणें केंद्र सरकारच्या हातीं आहे, आणि १९७६ सालच्या सागरी क्षेत्रांच्या कायद्यांत तशी तरतूदहि आहे. आरमाराच्या पराक्रमाबद्दल ज्या प्रांतास अभिमान वाटतो, त्यानें आपल्या सरखेलाच्या नांवाच्या ह्या ठेव्याबद्दल आग्रह धरावा, हें स्वाभाविक आहे.

सामान्य गृहस्थाकडेहि थोडें कर्तव्य उरतें. मालवणास जाणाऱ्यानें पोवळ्यास हात लावूं नये, त्याच्यावर उभें राहूं नये, तळांतून शंखशिंपले वा खडे आणूं नयेत, आणि खडकावर नांगर टाकणाऱ्या होडीवाल्यास नम्रपणें अडवावें. पण मोठा प्रश्न किनाऱ्यावर सुटणारा नाहीं. साकीनाक्याजवळून वाहणारी मिठी नदी शहराची घाण माहीमच्या समुद्रांत नेऊन टाकते; ती घाण आंग्रिया बँकेपर्यंत न पोहोंचो, पण गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर ज्या आकाशांत जातो तें आकाश एकच आहे, आणि त्या आकाशाखालीं तापणारा समुद्रहि एकच.

पाण्याखालीं उतरलेला माणूस दर कांहीं मिनिटांनीं दाबमापकाकडे पाहतो, उरलेल्या हवेचा हिशेब करतो आणि चतुर्थांश शिल्लक असतांनाच परत फिरतो. जमिनीवर असा कांटा कोणाच्या मनगटावर नाहीं. म्हणूनच बहुधा तेथें हिशेब चुकतो. अर्ध्या तासाच्या पाहुण्यास समुद्र जें शिकवितो तें वर येतांच विसरलें गेलें नाहीं, तर साकीनाक्याच्या गल्लींतील कॉम्प्रेसरची धडधडहि ऐकणाऱ्यास थोडी निराळी वाटेल. हवा कोंडतां येते, दाबतां येते, विकतां येते. ती निर्माण करतां येत नाहीं. प्रत्येक श्वास उसनाच असतो, आणि उसनें घेतलेलें स्वच्छ परत करावें, ही रीत कोणत्याहि मराठी घरास नवीन नाहीं.